कायदा तुझ्या खिडकीखाली बदलला

१२ फेब्रुवारी

दादा,

‘प्रिय’ लिहिलं होतं. मग तो कागद फाडला आणि नवा घेतला.

तुझ्या ऑफिसच्या मेलवर लिहिलं की आधी एक यंत्र उत्तर देतं, ‘आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मग तुझी सेक्रेटरी, मग कायदा विभाग. तू कुठेच नसतोस. म्हणून घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. दार उघडून हातात घ्यावं लागेल.

डॉक्टरबाई आठवतात? नसतील तर आठवण करून देते, कारण हल्ली तुझ्या लेखी माणसं म्हणजे फाइलींचे नंबर झाली आहेत. लहान मुलांच्या हातांवर उपचार करणाऱ्या त्या फिजिओथेरपिस्ट. काही मुलांच्या मुठी आवळलेल्याच राहतात, मेंदूतून निरोपच चुकीचा जातो. अशा मुलांसाठी त्यांनी मनगटाचा पट्टा केला. पट्टा हात हळूहळू उघडतो आणि पोरानं अचानक हिसका दिला की त्याची बिजागरी आपण होऊन सैल पडते. दुखत नाही. सगळं पेटंट त्या बिजागरीवर आहे. त्याचा मसुदा तू लिहिला होतास. ‘मऊ बिजागरी’ हे नावही तुझंच.

काल त्या ऑफिसात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. पिशवीतून एक पट्टा काढला, माझा हात ओढून मनगटावर बांधला आणि म्हणाल्या, “हिसका द्या.”

मी दिला. बिजागरी जागची हलली नाही. माझ्या तोंडून “आई गं” निघालं. आत्ता लिहितानाही अंगठ्याच्या मुळाशी निळं दिसतंय.

“तुम्ही एवढ्या मोठ्या बाई,” त्या म्हणाल्या. “हा एका चार वर्षांच्या मुलीच्या हातावर होता. परदेशातल्या एका थेरपिस्टनं माझ्याकडे पाठवला. दिसायला माझ्यासारखाच, रंगसुद्धा तोच. आत मात्र साधी खीळ ठोकली आहे. हे बनवायची परवानगी दिली कुणी?”

“कुणीच नाही,” मी ऐटीत म्हणाले. “आजच नोटीस पाठवते.” आणि नोटीस लिहिण्याआधी सवयीनं तिकडच्या पेटंट ऑफिसची नोंद उघडली.

पेटंट रद्द. वार्षिक फी वेळेत न भरल्यामुळे.

दादा, माझा विश्वास बसेना. फी तर भरलेली होती. तुमच्या कंपनीनंच भरली होती, पावतीची प्रत माझ्याकडे होती. मग दिवसभर खणत बसले तेव्हा कळलं. पूर्वी तिकडे फीचं वर्ष मोजायचे ते पेटंट मंजूर झालं त्या तारखेपासून. नव्या कायद्यानं ते अर्ज केला त्या तारखेपासून मोजायचं ठरवलं. म्हणजे फी भरायची तारीख कित्येक महिने अलीकडे आली. उशीर झाला तर दंड भरून सावरायची सवलत होती, तीही आखूड केली. कंपनीनं जुनी तारीख धरून, अगदी वेळेवर, मेलेल्या पेटंटची फी भरली. पेटंट ऑफिसनं ती परतही पाठवली. ते कुणी पाहिलं नाही.

आणि हे घडलं कुठे? जगाच्या कुठल्या कोपऱ्यात नाही. तू राहतोस त्या देशात. तू बसतोस त्या गावात. पेटंट ऑफिसची इमारत तुझ्या खिडकीतून दिसते, तूच फोटो पाठवला होतास आईला, गेल्या गेल्या. कायदा तुझ्या खिडकीखाली बदलला दादा, आणि तुझ्या दारावर पाटी आहे ‘प्रमुख, आंतरराष्ट्रीय कायदे-बदल विभाग’!

आपलं दोघांचं ऑफिस होतं तेव्हा सोमवारची सकाळ आपण कुणाला द्यायचो नाही. तू एका टोकाला, मी एका टोकाला, मध्ये देशोदेशींची राजपत्रं, आणि याद्यांत तारखा लिहायला आपल्या कारकून काकू. या देशानं मुदत बदलली, त्यानं नवं प्रतिज्ञापत्र मागितलं, तिसऱ्यानं स्थानिक पत्ता सक्तीचा केला. कंटाळवाणं काम. तू जांभया द्यायचास, पण ओळ सोडायचा नाहीस. मग एक दिवस मला न विचारता तू आपला अर्धा हिस्सा आणि परदेशी फीच्या सगळ्या फायली कंपनीला देऊन टाकल्यास, आणि मला सांगितलंस, “आता हे सगळं यंत्र बघणार, आपण सुटलो.”

मला दोनच गोष्टी सांग. तुझ्या विभागाला हा बदल कधी कळला? आणि आता काय करणार आहेस? पेटंट परत जिवंत करायचा अर्ज अजून करता येतो. मुदत लांब नाही.

धाकटी

•

२६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं. तुझं नाही, कायदा विभागाचं. गुळगुळीत कागदावर. ‘सदर बदलाची माहिती आमच्या त्रैमासिक वार्तापत्रातून सर्व संबंधितांना देण्यात आली होती. ग्राहकांनी स्वतः खातरजमा करून घेणे अपेक्षित आहे.’

वार्तापत्र मागवून पाहिलं. पहिल्या पानावर कंपनीच्या सहलीचे फोटो. तू आहेस त्यात, डोक्यावर टोपी, हातात फुगा. शेवटच्या पानावर, नव्या खुर्च्यांच्या बातमीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी: अमुक देशात फी आकारणीच्या पद्धतीत सुधारणा, तपशिलासाठी संपर्क साधावा.

मुलांचे हात बरे करणाऱ्या बाईनं हे वाचायचं होतं? आणि वाचून काय करायचं होतं? कंपनी कशासाठी ठेवली होती मग तिनं? स्वतःच देशोदेशींचे कायदे वाचायचे असते तर तिनं पट्टा कशाला केला असता, पेटंटचंच दुकान नसतं का काढलं?

त्या कागदाला चिकटवलेली तुझी पिवळी चिठ्ठी पाहिली. ‘भावनेच्या भरात काही करू नकोस. मार्ग निघतोय.’

भावनेच्या भरात! माझं मनगट सुजलंय, त्याला भावना म्हणतोस? आणि ‘निघतोय’ म्हणजे काय? मार्ग काय आपोआप निघतो, उंदरासारखा?

नीट लिही. तुझ्या हातानं.

धाकटी

•

९ मार्च

दादा,

मार्ग कळला.

आज सकाळी काकूंचा फोन आला. “अगं, त्या सहीचं झालं का काम? थोरला म्हणत होता घाई आहे.” मी विचारलं कसली सही. तर त्या गप्पच झाल्या, आणि काकू गप्प होणं म्हणजे काय हे तुला माहीत आहे. मी तशीच रिक्षा करून त्यांच्याकडे गेले.

चौथा मजला, लिफ्ट बंद. दार उघडलं तर काकू कमरेला फडकं खोचून पंख्याची पाती पुसत होत्या, स्टुलावर चढून. “तू कशाला आलीस धापा टाकत? फोनवर भांडता येत नव्हतं?”

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. तू फोन केलास. मायेनं बोललास. डॉक्टरबाईंचं पेटंट वाचवायचं तर एकच वाट आहे म्हणालास: फायली कंपनीकडे गेल्यावर काकू काही महिने कंपनीच्या इथल्या शाखेत होत्या, त्याच काळात नव्या कायद्याची सूचना शाखेत आली, आणि तारीख बदलायची काकूंच्या हातून राहिली, असं लिहून द्यायचं. “काकू, तुमच्यावर काही येणार नाही. तुम्ही तर निवृत्त. फक्त एक सही.” कुरियरनं सहीचं पान आलं. त्यांनी सही करून परत पाठवलंसुद्धा.

“पण सूचना तुमच्याकडे आली होती?” मी विचारलं.

“माझ्याकडे कशी येईल? परदेशी याद्या पहिल्याच आठवड्यात काढून घेतल्या होत्या माझ्याकडून. मी पाकिटांवर पत्ते चिकटवत होते. नंतर तेही काढून घेतलं आणि गुच्छ देऊन घरी पाठवलं.”

“मग सही का केलीत?”

“अगं, लहान पोरांचे हात आहेत. माझं काय जातंय? कोण विचारणार आहे मला आता?”

दादा, तुझी चतुराई मला परतताना, त्यांच्या जिन्यावर बसून, पूर्ण कळली. मीही हाच धंदा करते. तिकडचा नियम असा की वकिलानं सगळी काळजी घेतली आणि तरी विश्वासातल्या कारकुनाच्या हातून एखादी चूक झाली, तर पेटंट परत मिळतं. पण वकिलाला कायदाच बदललेला माहीत नव्हता, किंवा माहीत असून त्यानं पाठपुरावा केला नाही, तर मिळत नाही. कारकुनाला माफी आहे, वकिलाला नाही. म्हणून कारकून हवा. आणि तुला जगात एकच कारकून असा माहीत होता, जो तुझ्या एका फोनवर डोळे मिटून सही करील. तुझी पहिली केस हरलास तेव्हा तुला जबरदस्तीनं जेवायला बसवणारी बाई.

मी जन्मात कुणावर हात उगारला नाही. आज तू समोर असतास तर सांगता येत नाही.

हा अर्ज माझ्या हातून जाणार नाही. दुसरा मार्ग शोध.

धाकटी

•

१५ मार्च

दादा,

तू जिंकलास. आनंद कर.

मी डॉक्टरबाईंकडे गेले होते. मला वाटलं, त्यांना सगळं सांगावं. पेटंट त्यांचं आहे, निर्णयही त्यांचा. आणि खोटं का सांगू, मनातून मला खात्री होती की त्या म्हणतील, असलं काही नको.

दवाखान्याची ती खोली तू पाहिली नाहीस. भिंतीला कमरेपर्यंत गाद्या लावलेल्या. खाली रंगीत चेंडू. एक मुलगा चमचा धरायला शिकत होता. चमचा पडायचा, तो आमच्याकडे बघून हसायचा आणि डॉक्टरबाई तो पुन्हा त्याच्या मुठीत द्यायच्या. हे करत करतच त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या काकूंची सही आहे,” त्या म्हणाल्या.

“आहे. पण ते खरं नाही.”

“त्यांची तयारी आहे ना?”

“आहे.”

“मग अडचण काय?”

मी म्हटलं, शपथेवर खोटं आहे. ज्या बाईनं काही केलं नाही तिच्या माथी कायमची चूक लागेल. माझ्यानं ते दाखल होणार नाही.

चमचा पुन्हा पडला. या वेळी त्यांनी उचलला नाही. मुलाच्या आईला खूण केली आणि मला बाहेर, व्हरांड्यात घेऊन गेल्या.

“तिकडे रोज ते पट्टे विकले जातायत,” त्या म्हणाल्या. “रोज कुणीतरी आई आपल्या पोराच्या हातावर तो बांधते. पोर रडतं, तर तिला वाटतं उपचार म्हणजे दुखणारच. ती आणखी घट्ट बांधते. पेटंट माझ्या हातात असतं तर मी उद्या ते दुकान बंद केलं असतं. आणि तुम्ही मला सांगता तुमच्या सहीला डाग लागेल?”

“काकूंच्या—”

“काकूंची हरकत नाही! हरकत तुमची आहे. तुमच्या बाणेदारपणानं एकाही मुलाचं बोट उघडत नाही, बाई. चूक तुम्ही वकिलांनी केलीत, आणि आता सोवळेपणाही तुम्हीच दाखवणार?”

  याला उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही. त्या चुकीच्या आहेत असं मला म्हणता येत नाही आणि त्यांचं ऐकायला हात धजत नाही. दोन्हीचा राग मी तुझ्यावर काढते आहे, कारण तो तुझाच आहे. त्यांना माझ्यावर ओरडायची वेळ तू आणलीस.

त्यांनी फाइल मागितली. मी दिली. त्या अर्ज थेट तुमच्या कंपनीकडून करणार आहेत. जाताना मी तुमच्या कायदा विभागाच्या पूर्ण मसुद्याची प्रत तेवढी मागितली. इतकी वर्षं त्यांची वकील होते, काय दाखल होतंय ते वाचायचा हक्क आहे मला.

आई विचारत होती तुला पत्र गेलं का. गेलं म्हटलं. तिनं काय लिहिलंस ते विचारलं नाही.

धाकटी

•

२४ मार्च

दादा,

कंपनीतल्या तुझ्या फोनला काल आग लागली असेल. मी काकूंच्या शेजारीच उभी होते, तरी तुला पुन्हा सांगते, कारण तुझ्या बाजूनं तुला अर्धंच ऐकू आलं.

मसुदा आला. पानं सात. काकूंना तू फक्त सातवं पाठवलं होतंस. मी सगळी पानं घेऊन त्यांच्याकडे गेले. खरं तर वाचून दाखवायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण सही त्यांची होती. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. पहिलं पान शांतपणे. दुसऱ्यावर तू त्यांची स्तुती केली होतीस, ‘अत्यंत विश्वासू’ वगैरे, तिथे थोड्या हसल्या. चौथ्या पानावर बोट थांबलं.

“हे काय आहे?”

मी वाचलं. ‘वयोमानानुसार उद्भवलेल्या विस्मरणामुळे.’

“म्हणजे?”

“म्हणजे... वयामुळे विसरायला होतं, असं.”

“कुणाला?”

मी पान उलटायला गेले.

“मला?” त्या उभ्या राहिल्या. “मला विस्मरण? फोन लाव. आत्ता लाव!”

तू ‘हॅलो काकू’ म्हणालास एवढं मी ऐकलं. पुढे तुला बोलायला मिळालं नाही.

“अरे, चूक माझ्या नावावर घाल म्हटलं मी. घातली असतीस तर चालवून घेतलं असतं. माणसाच्या हातून चूक होते. पण विसरभोळी? कुणी सांगितलं तुला? भेटायला आला होतास? गेल्यापासून एकदा तरी हे दार पाहिलंस? मी पंखा पुसते स्टुलावर चढून, आणि तू तिकडे बसून मला वेडी ठरवतोस! तुझ्या साहेबांसमोर! ते वाक्य कुणी लिहिलं? तू लिहिलंस की दुसऱ्यानं? खरं सांग.”

तू म्हणालास, “कायदा विभागानं.”

“आणि तू वाचलंस?”

 “हो,” तू म्हणालास.

“वाचून पाठवलंस,” काकू म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला त्यांचा. “माझी सही परत दे.” आणि फोन माझ्या हातात दिला.

तू ‘काकू, काकू’ करत राहिलास. मी बंद केला.

त्या रडल्या नाहीत, हे तुला कळावं. त्यांनी साडी बदलली आणि म्हणाल्या, “मला त्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन चल. माझ्यामुळे त्यांचं अडतंय तर माझ्या तोंडानं सांगायला हवं.”

दवाखान्यात त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. दार लावून घेतलं होतं. काचेतून दिसत होतं तेवढं: डॉक्टरबाई आधी हात हलवून हलवून बोलत होत्या, मग काकू.  बोलून झाल्यावर त्या खाली गादीवर बसल्या आणि एका मुलीला चेंडू द्यायला लागल्या. ती टाकायची, काकू आणून द्यायच्या.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी फाइल माझ्या हातात ठेवली. नजर दिली नाही. “जे खरं असेल ते लिहा,” म्हणाल्या. “मला वाटलं होतं, कुणीतरी कारकून असेल. माणूस समोर बसल्यावर नाही जमलं.”

तेव्हा आता अर्ज मी करते आहे, खरा. काकूंचं नाव त्यात नाही. पेटंट ऑफिस विचारणारच की कंपनीत कायद्यावर लक्ष ठेवायचं काम कुणाचं होतं, आणि ते तुला साक्षीला बोलावतील. सुनावणी पडद्यावरून आहे. मी इथून बोलणार, तू तिकडून. तू पुन्हा काकूंचं नाव घेतलंस, तर तुला उलट प्रश्न मी विचारणार आहे. तयारीनं ये.

धाकटी

•

२१ एप्रिल

दादा,

निकाल तुला माझ्या आधी कळला असेल. तू काय बोललास तेही तुला माहीत आहे. पण ते आमच्या खोलीत कसं ऐकू आलं, ते तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

आमच्या बाजूला तिघी होतो. मी टेबलाशी, मागे भिंतीजवळ काकू आणि डॉक्टरबाई. माझ्यासमोर तुला विचारायच्या प्रश्नांचा गठ्ठा. किती रागानं तयार केले होते म्हणून सांगू. एकेक प्रश्न असा की तू कुठेही वळलास तरी भिंत लागावी.

पडद्यावर तू आलास. वाळला आहेस. कॉलर गळ्याभोवती सैल होती. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी नाव आणि पद विचारलं. तू नाव सांगितलंस. त्यांनी पुन्हा विचारलं, “पद?” तू म्हणालास, “पद नाही. काल राजीनामा दिला.”

मागे काकूंनी “अगं बाई” म्हटलं. मला हात मागे करून त्यांना गप्प करावं लागलं.

मग त्यांनी विचारलं, नव्या कायद्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी कुणाची होती. तू म्हणालास, “माझी.” सूचना आली होती? “आली होती. मी वाचली. मला कळलीही.” मग काय केलंत? “यंत्रं चालवणाऱ्या विभागाला तारखा बदलायला सांगितल्या. ते म्हणाले, सगळ्या देशांचे बदल वर्षाअखेरीला एकदम करू. मी बरं म्हटलं. पुन्हा विचारलं नाही.” का नाही विचारलंत? तेव्हा तू पहिल्यांदा खाली बघितलंस. “कारण विचारलं असतं तर ते काम मला हातानं करावं लागलं असतं. ते मी सोडून आलो होतो.” मग म्हणालास, “आमच्या शाखेतल्या एका बाईंचं नाव आधीच्या मसुद्यात होतं. त्यांचा काही संबंध नव्हता. ते खोटं होतं आणि त्यांच्याकडून सही मी घेतली होती.”

मला विचारलं, साक्षीदाराला काही प्रश्न? मी गठ्ठा पालथा घातला आणि “नाहीत” म्हटलं.

आता ऐक. तू खरं बोललास म्हणून मी टाळ्या वाजवणार नाही. ते तुला फेब्रुवारीत बोलता आलं असतं. तेव्हा बोलला असतास तर काकूंना स्वतःबद्दल ते वाक्य वाचावं लागलं नसतं. आणि निकाल? हरलो. व्हायचं तेच झालं. त्या बाईंनी सभ्यपणे लिहिलंय: जबाबदार अधिकाऱ्यास बदल ज्ञात असूनही त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही, सबब अर्ज नामंजूर. तुझ्या देशात ते पेटंट आता कायमचं गेलं. खोटं बोलला असतास तर कदाचित वाचलं असतं. या कायद्याचाही मला संताप येतो. जो शिक्षा भोगायला उभा राहिला, त्याची शिक्षा भलत्याच बाईला आणि तिच्या पोरांना!

एक गोष्ट झाली तीही सांगायला हवी. तुझ्या साक्षीनंतर कंपनीला सगळ्या फायली उघडाव्या लागल्या. अशाच जुन्या तारखांवर झोपलेली आणखी कितीतरी पेटंट निघाली, आणि त्यांतल्या बऱ्याच पेटंटांची दंड भरायची सवलत अजून संपलेली नव्हती. एका म्हाताऱ्या विहीर-पंपवाल्याचा काल मला फोन आला. त्याचं वाचलं. त्याला वाटत होतं ते मी केलं. मी त्याला कुणी केलं ते सांगितलं.

तुझ्या पत्रात काकूंबद्दल विचारलं आहेस. त्यांनी तुला माफ केलं का, हे मी कशी सांगणार? त्यांना विचार. फोनवर नको, फोनवरचं तुझं बोलणं त्यांना पुरेसं झालंय.

आणि डॉक्टरबाई. निकालाच्या दिवशी त्या तशाच निघून गेल्या. आठवडाभर फोन नाही. मला वाटलं, संपलं. काल आल्या, या वेळी खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, तिकडे कुणालाही पट्टा बनवायला आता मी अडवू शकत नाही, तर निदान नीट बनवायला शिकवते. बिजागरीची सगळी मापं, सगळे नकाशे त्या तिकडच्या थेरपिस्टना आणि कारागिरांना उघड देणार आहेत. स्वतः जाणार आहेत. खीळ ठोकणाऱ्या त्या कारखान्यातही जाणार आहेत.

“तो आत घेणार नाही तुम्हाला,” मी म्हटलं.

“म्हणून तर माणूस हवाय. तिकडचे कायदे, तिकडची ऑफिसं माहीत असलेला. दारोदार माझ्याबरोबर फिरेल असा.” मग पर्स बंद करत म्हणाल्या, “तुमच्या भावाला सध्या काम नाही ना?”

दादा, मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, “त्याच्यामुळे तुमचं गेलं!”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मला त्याचा भयंकर राग आहे. पण ती बिजागरी कशी चालते हे माझ्यानंतर फक्त त्यालाच कळलं होतं. मसुदा लिहायला बसला होता तेव्हा तीन दिवस स्वतःच्या मनगटावर बांधून फिरत होता तो. आणि त्या पडद्यावर, खोटं सोयीचं असताना, खरं बोलला. मला आवडलं नाही ते. तरी मला तोच हवाय.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी त्यांची वकील, भांडले मी, मनगट सुजवून घेतलं मी, आणि बोलावणं तुला.

त्यांनी तुझा घरचा पत्ता मागितला. मी दिला नाही. म्हटलं, आधी त्याला विचारते.

तर विचारते आहे. देऊ का?

धाकटी